आजीची आई पणजी: बी.एस्सी.ला कॅटेगरी थिअरी घ्यावी का?

गेल्या रविवारी भाची आली ती विषयांची यादी हातात घेऊनच. तिचं गणितातलं तिसरं वर्ष संपत आलंय. पुढे चौथं वर्ष करायचं ठरलंय आणि त्यासाठी ऐच्छिक विषय निवडून फॉर्म भरायचा आहे. यादीत टोपॉलॉजी (आकार ताणले-वाकवले तरी त्यांचे जे गुण बदलत नाहीत त्यांचं गणित) होतं, स्टॅटिस्टिक्स होतं, न्यूमरिकल मेथड्स होत्या आणि तळाशी कॅटेगरी थिअरी. त्या शेवटच्या नावाभोवती तिनं पेन्सिलीनं गोल केला होता.

"मावशी, हे घेऊ का गं? वर्गातला एक जण म्हणतो, हे आलं की बाकीचं सगळं गणित आपोआप कळतं. दुसरा म्हणतो, नुसती बाणांची चित्रं काढायची, हाताला काही लागत नाही."

बडोद्यात तीसेक वर्षं मी पदवीच्या मुलांना गणित शिकवलं. हा प्रश्न पूर्वी क्वचित कानावर यायचा, आता दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तिच्यासारखी मुलं बरीच आहेत आणि मराठीत यावर वाचायला फार थोडं मिळतं.

उत्तर आधीच सांगते. विषय घ्यावा, पण हातात उदाहरणं जमल्यावर. कॅटेगरी थिअरी हा गजऱ्याचा दोरा आहे. वेगवेगळ्या झाडांची फुलं ओच्यात असतील तर ती एकत्र गुंफण्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ओचा रिकामा असेल तर दोरा कितीही चांगला असला तरी त्याचं करायचं काय?

आता हा दोरा म्हणजे काय ते बघू. त्यासाठी गणिताबाहेरचं, पण गणिताइतकंच काटेकोर उदाहरण घेते: नाती.

समजा, जगातली सगळी माणसं एका ठिकाणी गोळा केली. प्रत्येक माणसाकडून त्याच्या आईकडे एक बाण जातो, वडिलांकडे एक. बाण एकापुढे एक जोडता येतात. आईकडे जा, तिथून वडिलांकडे जा, तिथून पुन्हा आईकडे: आईच्या वडिलांची आई. आता हे "आईच्या वडिलांची" एकत्र धरून मग "आई" असं वाचा, किंवा आधी "आई" आणि मग "वडिलांची आई" एकत्र धरून वाचा, पोचता त्याच बाईपाशी. कंस कुठे घातला त्यानं फरक पडत नाही. शिवाय कुठेच न जाणारा, "स्वतः" नावाचा एक बाण मानून घेऊ. तो कशालाही जोडला तरी काही बदलत नाही.

झाली कॅटेगरी. काही वस्तू, त्यांच्यामधले बाण, बाण जोडण्याची रीत, कंसाची फिकीर नाही, आणि प्रत्येक वस्तूपाशी एक "स्वतः" बाण. याहून जास्त व्याख्येत काही नाही. आपल्या उदाहरणात एकेक माणूस ही वस्तू नव्हे; सगळी माणसं मिळून वस्तू एकच, "माणसं", आणि "आई", "वडील" हे तिच्याकडून तिच्याचकडे जाणारे बाण. एरवी वस्तू पुष्कळ असतात: सगळे संच आणि त्यांच्यामधली फंक्शनं, सगळे ग्रुप (ज्यांत घटक एकमेकांशी जोडता येतात आणि जोडणी उलटवता येते असे संच) आणि त्यांच्यामधली होमोमॉर्फिझम (ती जोडणी जपणारी फंक्शनं), सगळ्या व्हेक्टर स्पेस (ज्यांत घटकांची बेरीज आणि पट करता येते) आणि त्यांच्यामधली रेषीय फंक्शनं.

इथे भाचीनं मला थांबवलं. माझी बहीण गुजराती घरात दिलेली, त्यामुळे पोरगी दोन्ही भाषांत वाढली. ती म्हणाली, "पण आमच्याकडे दादी वेगळी आणि नानी वेगळी. तुमच्याकडे दोघी आजीच!"

तिनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं. मराठीत आईची आईही आजी आणि वडिलांची आईही आजी. म्हणजे नात्यांच्या पूर्ण साखळीवरून मराठी शब्दाकडे येताना आपण माहिती गाळतो. गुजराती या ठिकाणी ती राखून ठेवते. पण मराठीत गाळणी लावूनही एक गोष्ट शाबूत राहते. आजीची आई पणजी. आजी कुठल्या बाजूची हे विचारायची गरजच पडत नाही. आजोबांचे वडील पणजोबा, आजीचे वडीलही पणजोबाच. आधी साखळ्या जोडा आणि मग मराठी शब्द काढा, किंवा आधी शब्द काढा आणि मग शब्द जोडा, उत्तर एकच येतं.

एका कॅटेगरीतून दुसरीत नेणाऱ्या आणि बाणांची जोडणी न मोडणाऱ्या अशा नेमणुकीला फंक्टर म्हणतात. पिढ्या मोजणं हाही फंक्टर आहे. आई म्हणजे एक, आजी म्हणजे दोन, पणजी म्हणजे तीन. साखळ्या जोडल्या की आकड्यांची बेरीज होते. आजीची आजी म्हणजे दोन अधिक दोन, चार: खापरपणजी.

मग फंक्टर नाही असं काय? आमच्या आईला आम्ही भावंडं "वहिनी" म्हणायचो, कारण काका आणि आत्या तिला तशी हाक मारत. जुन्या मराठी घरांतून ही रीत सर्रास होती. शेजारच्या घरात मात्र वहिनी म्हणजे मोठ्या भावाची बायको. आता कुणी नुसतं "वहिनीची आई" म्हणालं तर ती बोलणाऱ्याची आजी की नाही, हे सांगता येत नाही. आजीच्या बाबतीत दोन नाती एका शब्दात गेली आणि जोडणी टिकली. वहिनीच्या बाबतीतही दोन नाती एकाच शब्दात गेली, पण तिथे जोडणी तुटली. हाक मारायचं नाव फंक्टर होत नाही ते यामुळे. माहिती गाळलेली चालते, जोडणी मोडलेली चालत नाही. एवढा फरक ज्याला मनापासून पटला त्याला फंक्टर समजला असं मी धरते.

सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 मध्ये, "श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू" नावाचा कारभारातल्या शब्दांचा बहुभाषिक कोश बडोद्यातून निघाला. इंग्रजी शब्दाला मराठीत काय, गुजरातीत काय, संस्कृतात काय, असं शेजारी शेजारी मांडलेलं. केवढं मोठं काम! कोश शब्दाला शब्द देतो. फंक्टरकडून आपण त्यापुढचं मागतो: शब्द ज्या रीतीनं एकमेकांना जोडले जातात ती रीतही पलीकडे जशीच्या तशी पोचली पाहिजे.

आता हा विषय आला कुठून ते सांगते, कारण त्यातच "कधी शिकावा" याचं उत्तर दडलंय.

1941 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सॉन्डर्स मॅक लेन यांनी ग्रुपच्या विस्तारांवर व्याख्यानं दिली. तो निव्वळ बीजगणिताचा विषय होता. ऐकायला सॅम्युएल आयलेनबर्ग होते, दोनच वर्षांपूर्वी पोलंड सोडून आलेले, टोपॉलॉजीतले. मॅक लेन यांनी केलेली एक आकडेमोड पाहून त्यांच्या लक्षात आलं की हे उत्तर आपण पाहिलंय, आणि तेही सोलेनॉइड नावाच्या आकाराच्या अभ्यासात. एका पोकळ कड्याच्या आत दुसरं कडं कित्येक वेढे घेतं, त्याच्या आत तिसरं, असं अनंतापर्यंत गेलं की उरतो तो सोलेनॉइड. त्याचा आणि ग्रुपच्या विस्ताराचा वरवर काहीच संबंध दिसत नाही. मग उत्तर एकच का यावं? त्या "का"चा पाठलाग दोघांनी केला आणि 1945 मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये त्यांचा मोठा लेख आला. कॅटेगरी, फंक्टर आणि नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन हे तीन शब्द गणितात रुजले ते तिथून. कॅटेगरी हा शब्द त्यांनी अॅरिस्टॉटल आणि कान्ट यांच्याकडून उचलला, फंक्टर हा तत्त्वज्ञ कार्नाप यांच्याकडून.

त्यांना हवं होतं ते नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे एका फंक्टरकडून दुसऱ्याकडे, मधे कुठलीही निवड न करता नेणारी वाट. त्याची व्याख्या करायची म्हणून फंक्टर लागला, आणि फंक्टरची व्याख्या करायची म्हणून कॅटेगरी. आपण वर्गात शिकवतो ते बरोब्बर उलट्या क्रमानं. पहिल्या दिवशी कॅटेगरी, पुढच्या आठवड्यात फंक्टर, महिन्याभरानं नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन. मूळ प्रश्न कधी येणार, येणार की नाही, हे शिकणाऱ्याला कळत नाही.

(आयलेनबर्ग यांना भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या मूर्तींचा विलक्षण नाद होता. त्यांनी जमवलेल्या संग्रहाचा मोठा भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. सयाजीबागेतल्या आपल्या म्युझियममध्ये अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींसमोर उभी राहिले की मला हटकून त्यांची आठवण होते.)

हा उलटा क्रम मी स्वतः भोगलाय. एम.एस्सी.ला असताना आम्हाला या विषयाचा थोडा भाग होता. शिक्षकांनी व्याख्या फळ्यावर लिहिल्या, आम्ही उतरवल्या, पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. मार्क चांगले मिळाले आणि हातात काहीच राहिलं नाही. त्या वेळी वाटलं, आपल्या डोक्याचा दोष. पुढे कित्येक वर्षांनी, एकाच सत्रात मला ग्रुप थिअरी, रिंग थिअरी आणि लिनिअर अल्जेब्रा असे तीन वर्ग मिळाले. पहिलं आयसोमॉर्फिझम प्रमेय मी एका महिन्यात तीनदा सिद्ध केलं. तिसऱ्यांदा फळ्यावर लिहिताना खडू हातात तसाच राहिला. ही तीच सिद्धता आहे, नावं तेवढी बदललीत! त्या संध्याकाळी घरी येऊन जुनी वही काढली आणि पाठ केलेल्या व्याख्यांचा अर्थ पहिल्यांदा लागला. फुलं आधी लागतात असं मी म्हणते ते या अनुभवावरून.

अशी फुलं शाळेपासून आपल्याजवळ जमत असतात. मसावि आणि लसावि आठवा. 12 आणि 18 चा मसावि 6. शाळेत आपण म्हणतो, सर्वांत मोठा सामाईक विभाजक. आता "मोठा" हा शब्द टाकून द्या आणि बाणांनी बोला. एक संख्या दुसरीला भाग देत असेल तर पहिलीकडून दुसरीकडे बाण. 6 कडून 12 कडेही बाण आहे, 18 कडेही आहे. असे दोन्हीकडे बाण असलेल्या आणखी संख्या 1, 2 आणि 3. त्या प्रत्येकीकडून 6 कडे बाण आहे. म्हणजे 12 आणि 18 या दोघांकडे जायचं असेल तर 6 वरून गेल्याशिवाय वाट नाही. दोघांकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा जिच्यावरून जातात, आणि प्रत्येक वाट एकाच प्रकारे जाते, अशा वस्तूला त्या दोघांचा प्रॉडक्ट म्हणतात.

हेच वाक्य उचलून दुसरीकडे ठेवून बघा. संख्यांमध्ये "लहान किंवा समान" हा बाण घेतला की प्रॉडक्ट म्हणजे दोघांतली लहान संख्या. एखाद्या संचाचे उपसंच आणि "आत सामावलेला" हा बाण घेतला की प्रॉडक्ट म्हणजे छेद. विधानं आणि "यावरून ते निघतं" हा बाण घेतला की प्रॉडक्ट म्हणजे "आणि". संच आणि फंक्शनं घेतली की प्रॉडक्ट म्हणजे जोड्यांचा संच, आलेखाच्या कागदावर क्ष आणि य मिळून बिंदू होतो तो. मसावि, छेद, "आणि", आलेखाचा कागद: चार वेगळ्या धड्यांत शिकलेल्या चार गोष्टी आणि वाक्य एक.

आणि आता सगळे बाण उलटे फिरवा. मसाविचा लसावि होतो, छेदाचा संयोग होतो, "आणि"चं "किंवा" होतं. एक सिद्धता लिहिली की उलट्या बाणांची सिद्धता आपोआप मिळते. मला या विषयात सर्वांत देखणी वाटते ती ही गोष्ट. उलटवल्यावर कधी कधी धक्काही बसतो. दोन घटकांचे दोन ग्रुप घ्या. त्यांच्या प्रॉडक्टमध्ये चार घटक येतात. बाण उलटे करून येणाऱ्या कोप्रॉडक्टमध्ये मात्र अनंत घटक असतात! दोन घटकांच्या दोन संचांचा कोप्रॉडक्ट साधा चार घटकांचा, आणि ग्रुपचा अनंत. असं का, हे ज्याला ग्रुप थिअरी येते तोच शोधू शकतो. बाणांच्या भाषेनं प्रश्न एका ओळीत विचारला, पण उत्तरासाठी जुनंच ज्ञान कामी आलं.

टोपॉलॉजी शिकलेल्यांना आणखी एक खूण सांगते. अनंत स्पेसचा गुणाकार करताना पुस्तक एक विचित्र अट घालतं: मोजक्या जागा सोडून बाकी सगळीकडे पूर्ण स्पेस घ्यायची. सरळ मनात येणारी बॉक्स टोपॉलॉजी का चालत नाही, हे मुलं हमखास विचारतात. प्रॉडक्टचं वरचं वाक्य लावलं की तीच विचित्र अट आपणहून बाहेर येते. ज्याच्या मनात हा प्रश्न आधी सलत होता त्याला या उत्तराची गोडी. ज्यानं बॉक्स टोपॉलॉजीचं नाव ऐकलं नाही त्याच्या लेखी ती नुसती एक ओळ.

आता तो मूळचा "नॅचरल" शब्द. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण व्हेक्टर स्पेस आणि तिच्या ड्युअलचं (तिच्यातल्या प्रत्येक घटकाला रेषीय रीतीनं एक आकडा देणाऱ्या फंक्शनांच्या स्पेसचं) असतं. 1945 च्या त्या लेखातही तेच होतं. ते आपण खंडेराव मार्केटमध्ये घेऊन जाऊ.

पिशवीत 2 किलो बटाटे आहेत. भाज्यांच्या पिशव्या म्हणजे व्हेक्टर, बेरीज करता येतात, दुप्पट करता येतात. भावांची यादी म्हणजे ड्युअलमधली गोष्ट. यादीला पिशवी दाखवली की ती रुपये सांगते. भाज्यांचे प्रकार जितके, तितकेच आकडे पिशवीलाही लागतात आणि यादीलाही. म्हणजे दोन्ही स्पेस सारख्याच आकाराच्या. मग पिशवीवरून भावाची यादी बनवायची एखादी सरळ रीत आहे का? प्रयत्न करू. पिशवीत 2 किलो आहेत, तर भाव लिहू 2 रुपये किलो. शेजारची बाई पावात मोजते. तिच्या हिशेबी पिशवी 8 पावांची, तर भाव 8 रुपये पाव, म्हणजे 32 रुपये किलो. पिशवी तीच, याद्या दोन. कुठलं माप निवडलं यावर उत्तर फिरलं. ही रीत नॅचरल नाही.

पण उलटं करून बघा. पिशवीला म्हणू दे: "तुम्ही मला कुठलीही भावाची यादी द्या, मी एकूण किंमत सांगते." इथे कुणीच माप निवडलं नाही. किलोत मोजा, पावात मोजा, रक्कम तीच. याद्या पिशव्यांना मोजत होत्या, आता पिशवी याद्यांना मोजायला लागली. पिशवीकडून ड्युअलच्या ड्युअलकडे जाणारी ही वाट निवडीशिवाय मिळते. "निवडीशिवाय" हा शब्द गणितज्ञ पिढ्यान्‌पिढ्या नुसता बोलण्यात वापरत होते. त्याला काटेकोर व्याख्या देण्यासाठी एवढा सगळा खटाटोप झाला. मला हे फार मोलाचं वाटतं. जे सगळ्यांना जाणवतं पण सांगता येत नाही, ते सांगता येणं.

विषय त्यानंतर झपाट्यानं वाढला. 1957 मध्ये गणितज्ञ ग्रोथेंडीक यांचा लेख, 1958 मध्ये डॅनियल कान यांचे अॅडजॉइंट फंक्टर (एकमेकांशी जोडीनं येणारे दोन उलट दिशांचे फंक्टर). मॅक लेन यांचं 1971 मधलं पाठ्यपुस्तक तर नावातच सांगतं की ते कामाला लागलेल्या गणितज्ञासाठी आहे, आणि नाव खरं आहे. बी.एस्सी.च्या मुलानं त्यापासून सुरुवात करू नये. टॉम लाइन्स्टर यांचं 2014 मधलं छोटं पुस्तक आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर मोफत मिळतं आणि त्यात शिकणाऱ्याची जास्त कणव आहे.

कॉम्प्युटरच्या मुलांची गोष्ट निराळी, ते वेगळं सांगायला हवं. भाचीची मैत्रीण कलाभवनात इंजिनिअरिंगला आहे, तीही सोबत आली होती. अशा मुलांकडे फुलं आधीच असतात: टाइप (माहितीचे प्रकार) आणि फंक्शनं. भावांच्या यादीतल्या प्रत्येक आकड्यात आधी पाच टक्के वाढ केली आणि मग प्रत्येक आकडा पूर्ण रुपयात बसवला, किंवा एकाच फेरीत प्रत्येकावर दोन्ही क्रिया केल्या, यादी तीच येते. हे फंक्टरचंच वाक्य. कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) त्याच्या आधारे दोन फेऱ्यांची एक फेरी करून वेळ वाचवतो. आणि एखादं फंक्शन कधी उत्तर देतं, कधी देत नाही, तेव्हा उत्तराच्या टाइपला "कदाचित" असं वेष्टण घालतात. आता एकापुढे एक अशी फंक्शनं जोडायची कशी? पहिल्यानं उत्तर दिलं तर दुसऱ्याला द्यायचं, नाही दिलं तर पुढे सगळीकडे "नाही". "कदाचित"ची ही जोडणी कंसाच्या नियमात बसते. मोनाड म्हणतात तो हा. 1989 मध्ये युजेनियो मोज्जी यांनी प्रोग्रॅमचा अर्थ लावायला मोनाड वापरले आणि हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं ते रोजच्या वापरात आणले. हॅस्केलसारख्या भाषेत थोडं काम केलेल्या मुलानं दुसऱ्या वर्षालाही हा विषय घ्यायला माझी हरकत नाही. मात्र शिकवणारा प्रोग्रॅम लिहून दाखवणारा हवा.

गणिताच्या मुलांना मी काय विचारते? कोशंट ग्रुप म्हणजे काय हे व्याख्येकडे न बघता, एका उदाहरणावर दाखवता येतं का? ड्युअल स्पेसशी एकदा तरी झटापट झाली आहे का? टोपॉलॉजीत सलग फंक्शनची व्याख्या ओपन सेटनं का करतात, हे पटलंय का? आणि मुख्य म्हणजे, "अरे, हे तर मागे तिथे केलं होतं" असं आपलं आपल्याला कधी वाटलं आहे का? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांचा चेहरा उजळतो, त्यांना मी डोळे झाकून म्हणते, घ्या. ज्यांना अजून तसं वाटलेलं नाही त्यांच्यात काही कमी आहे असं मुळीच नाही. त्यांनी आणखी एक सत्र ग्रुप आणि टोपॉलॉजीत काढावं.

परीक्षांचं विचाराल तर आयआयटी जॅम (एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा) आणि सीएसआयआर नेट (संशोधन आणि प्राध्यापकीच्या पात्रतेची परीक्षा) यांच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही. ज्याला त्या वाटेनं जायचंय त्यानं चौथ्या वर्षाचा मोलाचा वेळ रिअल अनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करण्यात घालवावा. पुढे डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी किंवा न्यूमरिकल कामात जाणाऱ्याचं या विषयावाचून बराच काळ अडत नाही. अल्जेब्राइक टोपॉलॉजी, अल्जेब्राइक जिऑमेट्री किंवा होमॉलॉजिकल अल्जेब्राकडे ओढा असेल तर तो टाळता येणारच नाही. आणि पदवीनंतर थेट नोकरी हवी असेल तर यादीतलं स्टॅटिस्टिक्स निवडावं. यात कमीपणा काही नाही, तोही सुंदर विषय आहे आणि बडोद्याच्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत त्याला रोज काम आहे.

एका गोष्टीची मला खरीच काळजी वाटते. ही भाषा लवकर शिकलेली काही हुशार मुलं उदाहरणांना कमी लेखू लागतात. त्यांना प्रॉडक्टची व्याख्या येते, पण 84 आणि 120 चा मसावि काढताना आळस येतो. अशा मुलांना मी समोर बसवून हातानं आकडेमोड करायला लावत आले. टोपॉलॉजीतले गणितज्ञ नॉर्मन स्टीनरॉड यांच्या नावावर सांगतात की त्यांनी या विषयाला "अमूर्त बडबड" असं लाडानं म्हटलं होतं. पण त्यांनी आयुष्यभर टोपॉलॉजीत हातानं केलेल्या आकडेमोडी डोंगराएवढ्या आहेत. तो लाड त्यांना शोभत होता.

भाचीला मी म्हटलं, या सत्रात टोपॉलॉजी घे. सोबत दर रविवारी माझ्याकडे ये, आपण त्या छोट्या पुस्तकाची दोन-चार पानं वाचू. पुढच्या सत्रात तो विषय पुन्हा यादीत असेल. ती काही बोलली नाही. मैत्रिणीबरोबर सेव-उसळ खायला निघून गेली.

बुधवारी रात्री तिचा फोटो आला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं आमच्या अख्ख्या खानदानाचे बाण काढले होते, गुजराती बाजू निळ्या पेननं आणि मराठी बाजू लाल पेननं. खाली लिहिलं होतं: "मावशी, सासूचा बाण बसतच नव्हता. आई सगळ्यांना असते, पण नवरा किंवा बायको सगळ्यांना नसते, मग जोडीदाराची आई कशी काढू? तासभर डोकं खाल्लं. मग प्रत्येक बाणाच्या टोकाला 'कदाचित' लावलं तर सगळं जुळलं. आजीसुद्धा जुळली. हे परवा तू मैत्रिणीला सांगितलंस तेच आहे ना?"

त्याच्याखाली भरलेल्या फॉर्मचाही फोटो होता. पहिल्या सत्रासमोर शाईनं टोपॉलॉजी, दुसऱ्या सत्रासमोर पेन्सिलीनं कॅटेगरी थिअरी.